वन्संची बढती

बढती मिळून माणूस इतका खचतो, हे माझ्या थोरल्या वन्संखेरीज अख्ख्या सिंगापुरात कुणी दाखवलं नसेल. वन्सं सेम्बावांगच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होत्या आणि समोर येईल तो माणूस त्यांच्या लेखी पेशंटच असे. आमच्या पुंगोलच्या फ्लॅटचं दार उघडलं, की ‘कशी आहेस?’ विचारायच्या आत त्यांची बोटं माझ्या मनगटावर. हॉकर सेंटरमध्ये कुणा अनोळखी आजोबांना ठसका लागला, की ह्या आपलं जेवण सोडून त्यांची पाठ चोळायला हजर. एका लग्नात तर नवऱ्यामुलाचे सुजलेले पाय बघून त्याला बोहल्यावरच ‘मीठ कमी करा’ म्हणून दम भरला होता.

तेव्हा त्यांना पगार तासांवर मिळे. ड्यूटी संपली, की मॅनेजरच सिंगापुरी ‘ला’ लावून मागे लागायचा, “गो होम ला, सिस्टर! जादा तासांचे पैसे मी कुठून आणू?” वन्सं कुरकुरत घरी निघायच्या. मग त्यांना इन-चार्ज केलं. महिन्याचा ठरलेला पगार, ओव्हरटाइम बंद. आम्ही हौसेनं पुरणपोळ्या केल्या. पण त्या दिवसापासून त्यांना ‘घरी जा’ म्हणणारं कुणी उरलंच नाही. कुणी नर्स रजेवर गेली, की तिची ड्यूटी वन्संच्या गळ्यात.

त्यांचे यजमान बोटीवर इंजिनिअर. कित्येक महिन्यांनी बोट इथल्या बंदराला लागली, तेव्हा ते दुपारपुरते आमच्याकडे आले. वन्संचे फोनवर फोन, “निघालेच हं!” ताटं वाढून ठेवली होती. शेवटी ते उठले. “तिला म्हणावं, जेवून घे,” एवढंच बोलून बोटीवर परत गेले.

दुसऱ्या दिवशी वन्संनी मॅनेजरला गाठलं. “मला पुन्हा तासांवर घ्या.”

“इन-चार्जला तास नसतात, सिस्टर.”

“मग साधी नर्स करा.”

“ती जागा भरली.”

वन्संनी राजीनामा दिला. त्यांचा सिंगापुरात राहण्याचा वर्क पास त्याच नोकरीवर होता. दुसरी नोकरी वेळेत मिळाली नाही, आणि इतक्या वर्षांचा संसार दोन बॅगांत भरून त्या मिरजेला गेल्या. विमानतळावर माझा नवरा बहिणीकडे बघतच नव्हता.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. “काय करता हो दिवसभर?” मी विचारलं. त्यांनी पदराशी चाळा केला आणि एखादी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, “दुपारी झोपते गं हल्ली.”

“गुड ला, आत्या!” मागून माझी लेक ओरडली. वन्सं हसल्या. मी आपलं विचारलं, “जेवलात ना?”