शेजाऱ्यांच्या छतावरचा बर्फ

जानेवारीत स्पितीच्या खोऱ्यात मी डोल्माबाईंच्या घरी उतरलो होतो. साठी ओलांडलेल्या बाई एकट्याच राहत. गावातली बरीच घरं थंडीपुरती कुलूपबंद होती. रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी त्यांचा मुलगा त्यांना खाली न्यायला जीप घेऊन आला.

"आमा, यंदा तरी चल. इथे साधा डॉक्टर नाही."

"आधी बर्फ काढू दे," म्हणत बाई लाकडी फावडं घेऊन शिडी चढल्या.

मातीचं सपाट छत बर्फाच्या ओझ्यानं खचतं, हे मलाही ठाऊक होतं. पण आपलं छत साफ करून त्या शेजारच्या बंद घरावर गेल्या, तेव्हा मला राहवलं नाही.

"तिथे तर कुणीच राहत नाही ना?"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "छत पडलं की माणसं परतत नाहीत. त्यांना तेवढं निमित्त पुरतं. मी ते मिळू देणार नाही."

हट्ट ही म्हातारपणाची खोड, असं मी आजवर समजत होतो. एखादं अख्खं गाव कुणाच्या तरी हट्टावर तग धरून असतं, हे मला त्या छताखाली उभं राहून कळलं.

दुपारी मुलाबरोबर मी निघालो. आईसाठी राखलेली पुढची सीट रिकामीच होती. वळणावरून मागे पाहिलं, तर बाई तिसऱ्या छतावर पोहोचल्या होत्या आणि बर्फाचे ढिगारे धपाधप खाली कोसळत होते.