कासेलब्रुनाची शंभरी

सुनेत्रा पारसनीस यांना ऑफसाइड म्हणजे काय हे आजही सांगता येत नाही. तरीही उत्तर इटलीतल्या कासेलब्रुना गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नाही. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी नऊ वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आमची कंपनी बाथरूमचे नळ आयात करते. सुनेत्राताई तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर. हॉटेलांच्या बांधकामाची ड्रॉइंग्ज येतात, बदलतात, पुन्हा येतात. कुठलं जुनं, कुठलं नवं याची नोंद ठेवायची आणि जुन्यावर ‘रद्द’चा शिक्का मारायचा हे त्यांचं काम. पुण्यात त्यांनी इतिहासात एमए केलं होतं. मोडी लिपी शिकून ऐतिहासिक दप्तरांवर काम करायचं त्यांच्या मनात होतं. त्याच वर्षी संजयरावांचं स्थळ आलं. मुलगा दुबईत इन्शुरन्समध्ये. ताई दुबईतल्या अल कुसैसला आल्या आणि मोडी राहून गेली. “राहिलं तर राहिलं,” असं त्या इतक्या सहज म्हणायच्या की ऐकणाऱ्याने पुढे काही विचारू नये.

कासेलब्रुनाचे नळ पाच वर्षांपूर्वी यायला लागले. कारखाना छोटा, घरचा. मालक सिन्योर ओत्ताव्हिओ, तेव्हा वय वर्षं शहात्तर. त्यांच्या थोरल्या बहिणीचं गावात वर्तमानपत्रांचं दुकान होतं. ती वारली, आणि दुकानामागच्या खोलीत १९६८पासूनचे न खपलेले अंक निघाले. ते फेकण्यापेक्षा ओत्ताव्हिओंनी प्रत्येक नळ एकेका पानात गुंडाळून शारजाला पाठवायला सुरुवात केली.

गोदाम सांभाळणारे मोहिद्दीनभाई हैदराबादचे. एकदा ते एक चुरगळलेलं पान घेऊन वर आले. “मॅडम, इसमें कुछ टेक्निकल लिखा है क्या? फेकने से पहले पूछ लिया.”

टेक्निकल काही नव्हतं. फुटबॉलची बातमी होती. ताईंनी मोबाइलवर भाषांतर करून ती वाचली. कासेलब्रुनाच्या मैदानातून स्मशानाकडे जाणारी वाट होती. एका रविवारी अंत्ययात्रा आली म्हणून सामना पंचवीस मिनिटं थांबला, आणि पुन्हा सुरू झाल्यावर पाहुण्या संघाने, बहुधा मन हलकं झाल्यामुळे, चार गोल केले. ताई हसल्या. मग त्यांनी पान उलटून तारीख पाहिली, आणि माझ्या मते तिथेच त्या अडकल्या.

“मोहिद्दीनभाई, अजून पानं आहेत?”

“पूरा कंटेनर है, मॅडम.”

त्या दिवसापासून नळ खाली उतरायचे आणि कागद वर यायचे. ताई पानं इस्त्री करायच्या. खरोखरची इस्त्री, घरी, सुती कापड घालून. मग तारखेप्रमाणे फायली. वर्षभरात त्या मोबाइल न बघता वाचू लागल्या, फक्त त्यांचं इटालियन सगळं खेळाच्या पानावरचं होतं. पराभवाला त्यांच्याकडे चौदा शब्द होते, पण कॉफी मागता आली नसती. पलंगाखाली फायली मावेनात तेव्हा मुलगी ईशानी म्हणाली, “आई, धिस इज लिटरली रद्दी.” संजयराव समजूतदार. ते फक्त म्हणाले, “निदान चांगल्या टीमचं तरी जमवायचं होतंस.”

टीम चांगली नव्हतीच. लीगच्या सहाव्या पायरीवरून पाचव्या पायरीवर चढायची, वर्षभर तिथे दम खायची आणि खाली यायची. एका हंगामात सलग अकरा सामने हरल्यावर गावातल्या न्हाव्याने प्रशिक्षकाची दाढी करायला नकार दिला होता. ताई हे सगळं मला जेवणाच्या सुट्टीत सांगायच्या, पोळीभाजी खात, जणू पानिपतच सांगताहेत.

मग २०२४ उजाडलं. क्लबच्या वेबसाइटवर जाहीर झालं, जूनमध्ये शतकमहोत्सव. स्थापना १९२४. क्लबचे अध्यक्ष अर्थातच सिन्योर ओत्ताव्हिओ.

ताईंनी फाइल काढली. मे १९८४चं पान. मथळा, ‘क्लबची पन्नास वर्षं’. खाली फोटो, केकवर भला मोठा पन्नासचा आकडा, आणि केक कापणारा चाळिशीच्या घरातला मिशीवाला माणूस म्हणजे साक्षात ओत्ताव्हिओ.

“म्हणजे स्थापना १९३४,” ताई मला म्हणाल्या. “यंदा नव्वद होतात.”

“मग होऊ द्या की,” मी म्हणालो. “आपले सप्लायर आहेत ते.”

“दहा वर्षांची चूक आहे.”

त्यांनी नम्र मेल लिहिला आणि सोबत पानाचा स्कॅन जोडला. उत्तर आलं नाही. पुढची खेप मात्र बबल रॅपमध्ये आली. मोहिद्दीनभाई खिन्न झाले. “खलास, मॅडम. अब प्लास्टिक ही आएगा.”

तीन आठवड्यांनी ओत्ताव्हिओंचा फोन आला. मी शेजारीच होतो. नंतर त्यांनी मला सांगितलं ते असं. १९९६ साली मैदानाच्या फाटकाला रंग दिला. रंगाऱ्याने १९३४च्या जागी १९२४ काढलं. शिडीवर कोण चढणार म्हणून ते तसंच राहिलं. मग ते लेटरहेडवर गेलं, चषकांवर गेलं. “पण गंमत पुढेच आहे, सिन्योरा,” ओत्ताव्हिओ म्हणाले. “लोकांना आठवायला लागलं. एकाला आठवलं की त्याचे आजोबा १९२६ साली गोलकीपर होते. दुसऱ्याने त्यांचे बूट आणून दिले. आता ते काचेच्या कपाटात आहेत. ते बूट मी कुणाला परत करू?”

ताईंनी विचारलं, “आणि तुम्हाला स्वतःला काय आठवतं?”

“मी ऐंशीचा आहे. खऱ्या शंभरीला मी नव्वदचा असेन. मला आत्ताची परवडते.”

ज्या बाईने आयुष्यभर एका मिलिमीटरच्या फरकासाठी ड्रॉइंग परत पाठवली, तिने फोन ठेवताना म्हटलं, “ठीक आहे, सिन्योर.” त्या दुपारी त्या डबा न उघडताच बसून होत्या.

जूनमधल्या एका रविवारी समारंभ झाला. ताईंना व्हिडिओ कॉलवर बोलावलं होतं, म्हणून संजयरावांनी मलाही अल कुसैसला बोलावलं. टीव्हीवर जोडणी केली होती. मैदानात लांबच लांब टेबलं, बॅंड, पाद्रीबाबा. ओत्ताव्हिओ माइकपाशी आले. भाषणाच्या मध्ये ‘दुबई’ ऐकू आलं, मग ‘सिन्योरा सुनेत्रा’, आणि दोनशे माणसं पडद्याकडे वळून टाळ्या वाजवू लागली. संजयरावांनी टाळ्या वाजवल्या. ईशानी म्हणाली, “आई, यू आर फेमस,” आणि तिनेही वाजवल्या. मीही वाजवल्या. ताई तेवढ्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“काय म्हणाले?” संजयरावांनी विचारलं.

“माझे आभार मानले.”

ते काय म्हणाले हे मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. ओत्ताव्हिओंनी सांगितलं होतं की आपली शंभर वर्षं ही काही गावगप्पा नाही. दुबईतल्या एका इतिहासकार बाईंनी, ज्यांचा आपल्याशी कसलाही हितसंबंध नाही, मूळ कागदपत्रं तपासून त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. स्मरणिकेतही तेच छापलं. पान तिसरं, ताईंच्या फोटोसह. माहितीच्या एका वेबसाइटवर आता स्थापनेच्या वर्षापुढे संदर्भ म्हणून त्यांचंच नाव आहे.

“मला पहिल्यांदाच कुणीतरी इतिहासकार म्हटलं,” ताई म्हणाल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. राग होता. पण नुसता राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं.

त्यांनी १९८४चं पान फाडलं नाही, कुणाला पाठवलंही नाही. त्याच्यावर ‘रद्द’चा शिक्काही मारला नाही.

गेल्या महिन्यात त्यांना इटलीहून एक मेल आला. कासेलब्रुनाच्या शेजारच्या गावातल्या क्लबचा. मजकूर अतिशय अदबीचा. त्यांचा क्लब १९२१ सालचा असल्याचं गावात सगळ्यांना माहीतच आहे, फक्त सिन्योरा सुनेत्रांसारख्या निःपक्षपाती तज्ज्ञाने तसं लेखी दिल्यास बरं होईल.

ताईंनी चष्मा पुसला आणि तिथल्या तिथे इटालियनमध्ये उत्तर टाइप केलं. आधी कागद पाठवा. मूळ प्रती. स्कॅन चालणार नाहीत.

त्या गावाकडून अजून काहीही आलेलं नाही.