कुसाबाई नुसती चव घ्यायची

त्या दिवशी विमलाबाईच्या गच्चीवर उडदाचे पापड चालले व्हते. वर जुन्या साड्या बांधून सावली केलेली, खाली पोळपाट-लाटणी घेऊन गल्लीतल्या बाया, आन मधोमध आमची कुसाबाई. सातपूरच्या त्या गल्लीत कुणाचेबी पापड असू द्या, मीठ आन पापडखार तिच्याच हातचं. पीठ कुटलं की ती एक लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची, डोळे मिटायची आन म्हणायची, "फिकं हे." मीठ पडायचं. परत लाटी.

तिला बीपी व्हता. म्हणून तिची सून मोहिनी शेजारीच आपल्या घरात भाजी चिरता चिरता कान गच्चीकडं लावून बसली व्हती.

दोघींची ही जुनी लढाई. डॉक्टरनं मीठ कमी करा सांगितल्यापासून कुसाबाई घरात अळणी भाजी अशी गपगार खायची, की तिचा नवरा खंडेराव म्हणायचे, "सून आली आन वाघाची शेळी झाली." खरं काय ते पापडाच्या दिवसांत कळायचं. आज हिचे पापड, उद्या तिच्या कुरडया.

"आई, किती लाट्या खाल्ल्या?"

"खाल्ल्या कुठं? नुसती चव घेतली."

"मग जेवत का नाय?"

"चवच लय व्हती."

गोळीचं तर त्याहून न्यारं. काही महिने नेमानं घेतली, मशीनवर बीपी नॉर्मल आला, तसं तिनं पाकीट देव्हाऱ्याच्या मागं सारलं. मोहिनीला कळलं तशी ती तिला धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणले, "मावशी, नॉर्मल आला तो गोळीमुळंच. सोडली की परत चढणार. बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर फसवतो. एक दिवस मेंदूतली नस फुटली म्हणजे काय कराल?"

कुसाबाई म्हणली, "डॉक्टरसाहेब, नवस एकदा फेडला की फेडला. देवबी परत मागत नाय."

डॉक्टरच हसले. तिचं हेच. माणसाला हसवायचं आन आपलं खरं करायचं. नकला तर अशा करायची, की ज्याची केली तोच तिला पाणी आणून द्यायचा. गाजलेली नक्कल विमलाबाईच्या विहिणीची. विहीण गालात पान धरून बोलायची, तोंड एका अंगाला, शब्द घरंगळलेले. पापड लाटायला बसलं की बाया मागं लागायच्या, "कुसाक्का, विहीण करा ना."

तर त्या दिवशी कुसाबाईच्या हातातलं लाटणं खाली पडलं. तोंड एका अंगाला गेलं आन ती काहीतरी घरंगळत बोलली. सगळी गच्ची हसली.

"आली बया विहीण," विमलाबाई म्हणली. "बसा विहीणबाई, चहा घ्या."

कुसाबाईनं परत तसंच केलं. बाया परत हसल्या.

खाली मोहिनीला हसणं ऐकू आलं. तिला बरंच वाटलं. नकला चालू हेत म्हणजे तोंडात लाटी नाय. मग हसणं एकदम थांबलं. मोहिनी विळी तशीच सोडून जिना चढली. वर कुणी कांदा हुंगवत व्हतं, कुणी वारं गेलं म्हणून हाताला तेल चोळत व्हतं. मोहिनी म्हणली, "आई, दोन्ही हात वर करा." एकच वर गेला. तिनं कांदा-तेल बाजूला केलं आन एकशेआठला फोन लावला.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणले, बीपीनं नस फुटली, रक्त लय सांडलंय. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं घरंगळलं की चोळत बसायचं नसतं, लगेच आणायचं असतं. दिवस मावळायला कुसाबाई गेली. विमलाबाई भिंतीला टेकून एकच बोलत व्हती, "मी तिला चहा घ्या म्हणले."

दहाव्याला गंगेवर पिंड ठेवला. कावळे तारेवर बसलेले, पण एकबी खाली येईना. पोरगा संतोष म्हणला, "आई, घर नीट सांभाळतो." काय नाय. विमलाबाईनं गच्चीवरच्या त्या दिवसाचाच पापड भाजून आणला व्हता, तो पानावर ठेवला. "कुसाक्का, तुझ्याच हातचं मीठ हे." एक कावळा मान तिरकी करून बघत राहिला.

मोहिनी सासऱ्याकडं वळली. खंडेरावनं उभ्या जन्मात बीपी मोजला नव्हता. मोजला की निघतो, असं त्यांचं म्हणणं.

"बाबा, तुम्ही बोला."

"मी काय बोलू?"

"काय बोलायचं ते तुम्हाला माहिती हे."

खंडेरावनं घसा खाकरला. "मोजतो," तारेकडं बघत म्हणले. कावळा हलेना. "गोळी दिली तर घेईन."

कावळा खाली उतरला आन पानापासून हातभर लांब बसला.

"रोज घेईन," खंडेराव म्हणले. "नॉर्मल आला तरी."

कावळ्यानं टुणकन पुढं येऊन पापड उचलला. भाताकडं बघितलंबी नाय.

"चव घेतीय," विमलाबाई डोळे पुसत म्हणली, आन मोहिनीला दहा दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं.

घरी येताना रिक्षा दवाखान्यावरून पुढं चालली, तसा खंडेरावनं रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबव इथं," म्हणले, आन कुणाची वाट न बघता ओली बाही वर सरकवत आत गेले.