दादाची इंग्लंडची गाडी

दादाच्या तेरवीला मी पंगतीत भात वाढत होते. भंडाऱ्यात मोटारसायकलींचं गॅरेज असलेला त्याचा जुना दोस्त शेजारच्याला सांगत होता, "बिचारा जन्मभर इंग्लंडची गाडी म्हणून मिरवत राहिला. इंजिन तर मद्रासचं होतं. म्हटलं, कायले त्याचं मन मोडाचं."

"म्हणूनच तिले आपल्या आसगावचा रस्ता सोसून राहिला होता," कोणी तरी म्हणालं. पंगत हसली. मी दोस्ताच्या पत्रावळीवर भात वाढला आणि पुढे गेले.

दादा कमी बोलायचा. वडिलांनी घेतलेली ती गाडी बोटीतून आलेली आहे, एवढंच तो अभिमानानं सांगायचा. आता गावात तो खोटारडा म्हणून उरणार होता. मी रडायचं बाजूला ठेवलं आणि वाचायला बसले.

मी मराठी शिकवते. यंत्रातलं मला काही कळत नव्हतं, पण पुस्तकातून हवं ते शोधून काढायची सवय आहे. ही गाडी आधी इंग्लंडात बनायची. पुढे तीच मद्रासला बनू लागली. वरून पाहून दोघींतला फरक सहज सांगता येत नाही. खरं वय नंबरांवरून कळतं. एक नंबर हँडलखाली, चौकटीच्या मानेवर ठोकलेला असतो. दुसरा इंजिनावर.

गाडी कोठ्यात गुरांशेजारी उभी होती. मी रॉकेलच्या चिंधीनं मानेवरचा रंग हळूहळू काढला. आकडे वर आले. ते इंग्लंडचेच होते, मद्रासचा कारखाना उभा राहण्याआधीचे. मग इंजिनावर बसलेला तेलाचा काळा थर खरवडला. दुपार त्यातच गेली. तो नंबर मात्र मद्रासचा निघाला, बऱ्याच वर्षांनंतरचा.

म्हणजे दोस्त खरं बोलला होता. मी तशीच खाली बसून राहिले. मग वाटलं, जो नंबर वाचायला मला दुपार लागली, तो त्याला कसा ठाऊक?

सिलिंडरभोवती हवा खेळावी म्हणून लोखंडाच्या पात्या असतात. मी त्यांवरून हात फिरवला. सगळ्या धड होत्या. कॉलेजात असताना मी दादाच्या मागे बसून कारध्याच्या पुलावरून येत होते. गाळावर गाडी घसरली, दगडावर आपटली आणि एका पातीचा कोपरा उडाला. "आईले सांगू नको," दादा म्हणाला होता. हाड जुळतं, जखम भरते. लोखंड भरून येत नाही.

मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मागं गाडी महिनाभर त्यांच्याच गॅरेजात होती. हे म्हणत, दोस्त असावा तर असा."

तेव्हाच फोन करता आला असता. मी दसऱ्याची वाट पाहिली. वहिनी म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, माणूस तर गेला." दसऱ्याला मी भंडाऱ्याच्या एसटीत बसले.

गॅरेजसमोर त्याच्या जुन्या गाड्या हार घालून मांडल्या होत्या. केळीच्या पानावर नट-बोल्टचे पाने, स्क्रूड्रायव्हर, हळद-कुंकू. अर्धं गाव पेढे खात उभं होतं.

"या बाई, या," तो म्हणाला. मी एका गाडीकडे बोट दाखवलं. "ही? अस्सल इंग्लंडची. इंजिनसुद्धा तिकडचंच."

मी वाकले. पातीच्या तुटक्या जागेत माझं बोट बसलं.

"ही कशी तुटली, भाऊ?"

"जुनी गाडी हाय. तुटतेच."

"कारध्याच्या पुलावर तुटली. मी मागे बसले होते."

पेढे खाणारे जवळ सरकले.

"आत चला ना बाई, चहा घेऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "उद्या इंजिन घरी पोचवतो."

"आज. आत्ता उतरवा."

"आज दसरा हाय. आज अवजाराले हात लावत नाही. तुम्हाले का माहीत नाही?"

"माहीत आहे. म्हणून आजच आले."

तो लोकांकडे पाहत राहिला. एक म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं, "उतरव बाबा. बाई उभी हाय."

"आधी इंजिन कोणाचं ते सांगा," मी म्हटलं.

त्यानं दादाचं नाव घेतलं.

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्यानं पुन्हा घेतलं, मोठ्यानं. मग नव्या पांढऱ्या सदऱ्यात तो खाली बसला. केळीच्या पानावरचा पाना उचलताना त्याच्या तळव्याला कुंकू लागलं. पहिला बोल्ट जाम होता. मी एक खुर्ची मागून घेतली, त्याच्यासमोर मांडली आणि शेवटचा बोल्ट सुटेपर्यंत बसून राहिले.