आहेराच्या साडीला कात्री

कल्पना करा, आहेरात आलेली एक साडी तुमच्यापुढे आहे. घडी मोडलेली नाही, दुकानाचा कागद कोपऱ्यावर तसाच चिकटलेला. ती तुम्हाला कापायची आहे. कापड निसरडं, कात्रीखालून सटकतं. म्हणून खाली जुनं धोतर अंथरायचं, वर साडी ताणून टाचण्या लावायच्या आणि मगच कात्री चालवायची. एवढं तुम्हाला जमेल. पण जिनं ती साडी दिली तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तर हात चालेल?

पिंपळगाव राजाच्या शालूबाईचा चालला. पण त्याआधी बरंच घडलं होतं.

शालूबाईनं दुकानातून साडी आणली त्याला सात-आठ वर्षं झाली. तिचा नवरा रामराव, त्याच्याही अंगावर तेव्हापासून दुकानातला सदरा चढलेला नाही. घरात काही कमी होतं असं नाही. सोयाबीन बरं व्हायचं, म्हशींचं दूध डेअरीत जायचं. मुद्दा वेगळाच होता. आपल्याकडे लग्नात साडी येते, टोपी-टॉवेल येतो, तो पेटीत पडतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या घरी जातो. ती साडी कुणी नेसत नाही, ती नुसती फिरते. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणाची हरकतही नाही. पाळायचं एवढंच, की जिच्याकडून आली तिला ती परत जाता कामा नये.

शालूबाई नेमकी तिथं चुकली. मोठी जाऊ गोजरबाई, तिच्या नातवाच्या बारशाला तिनं पेटीतली पोपटी साडी नेली. गोजरबाईनं बायांसमोर घडी उलगडली, तर पदरावर वाळलेलं कुंकू. ते तिनंच घरभरणीच्या वेळी शालूबाईला साडी देताना लावलेलं.

"काव शालू, माहीच साडी मले देऊन राह्यली?" गोजरबाई म्हणाली. "माहेरपणाले आली म्हणाव लेक!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. गोजरबाईनं साडी शालूबाईच्याच पिशवीत परत कोंबली. घरी येऊन शालूबाईनं पेटी उघडली आणि म्हणाली, "आता या घरातून एकबी साडी फिराले जाणार नाही. अन् नवी आणायचीबी नाही. हे सारं आपणच नेसू."

"म्याबी?" रामरावनं विचारलं.

तिनं बोलल्याप्रमाणे केलं. पेटीतल्या साड्या शेतात नेसल्या, बाजारात नेसल्या. शर्टपीसचे सदरे शिवले. मुलगी राखी खामगावला कॉलेजात होती, तिला साड्यांचे ड्रेस शिवून दिले. मैत्रिणींनी दुकान विचारलं की राखी म्हणायची, "आमच्या आईची कंपनी आहे." लग्नाकार्याला जाताना शालूबाई घरची तूरडाळ न्यायची. डाळ मात्र कुणी पेटीत ठेवली नाही.

यंदा राखीचं लग्न ठरलं. व्याह्यांनी आधीच हात जोडले, "साड्या नका देऊ, ठेवाले जागा नाही." प्रश्न आपल्याच माणसांचा होता.

"मांडवात मानाची साडी नाही देल्ली तं लोक रुसतीन," गोजरबाई म्हणाली. "अन् मामाजी? त्यायचं तं तुले माहीतच आहे."

मामाजी म्हणजे सुलतानपूरचे गुलाबराव, रामरावचे मामा. एका लग्नात टोपी आधी दुसऱ्याला घातली म्हणून ते पंगतीतून उठून गेले होते. शालूबाईला वाटलं, हट्ट आपला, आणि नाती तुटायची लेकीची.

"कोणी रुसून गेलं तं?" तिनं राखीला विचारलं.

"आई, नवी साडी भेटली म्हणून खूश झालेलं कोणी पाह्यलं का तू?"

शालूबाई उठली. तिनं पेटीतल्या उरल्यासुरल्या आणि वापरलेल्या सगळ्या साड्या ओसरीवर मांडल्या. कुठली कुणाची, तिला पाठ होतं. जिची साडी तिलाच द्यायची, पण गोधडी करून. पोपटी साडी तिनं आधी घेतली. मायलेकींनी आत सुती धोतरं घातली, म्हणजे कापड सरकत नाही, आणि उन्हाळाभर मशीन चालवली.

मांडवात ज्याच्या त्याच्या हाती गोधडीचं गाठोडं आलं. गोजरबाईनं आपल्या गाठोड्याची सुतळी सोडली. पोपटी काठ बघून तिचा हात थांबला. आजूबाजूच्या बायाही थांबल्या.

"शालू, हे तं माहीच."

"हाव बाई, तुमचीच. पण आता पेटीत नाही जायची."

गोजरबाईनं गोधडी मांडीवर पसरली, दाबून पाहिली. नातू खुर्चीत पेंगत होता, त्याला ओढून तिच्यावर निजवलं. "नवी होती तवा इले कोणी आंगाले लावली नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. मग सगळ्यांनीच आपापल्या सुतळ्या सोडल्या. "हे माह्या लग्नातली व!" "तुही तं दोन धुण्यात इरली असती!" असा गलका झाला. रामरावची चुलतबहीण तर म्हणाली, "वयनी, माही पेटी आणून देतो, मलेबी करून दे."

गुलाबरावांनी आपल्या घरच्या साडीचं गाठोडं घेतलं, बोटांनी चाचपलं, काखेत धरलं आणि जेवायला बसले. पंगतीतून उठले नाहीत. जाताना राखीच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी मांडव उतरवताना रामरावला ते गाठोडं खुर्चीवर सापडलं. सुतळीची गाठ शालूबाईची नव्हती. कुणीतरी सोडून पुन्हा बांधली होती.

"फोन लाव," रामराव म्हणाला.

तिनं लावला नाही. फोनवर माणूस खरं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. येत्या रविवारी ती गाठोडं घेऊन खामगाव, मेहकर अशी एसटीनं सुलतानपूरला निघणार आहे. चहा होईपर्यंत थांबायचं आणि मग विचारायचं, हे तिनं ठरवलंय:

"मामाजी, इसरले होते, का ठेवून गेले होते?"