काकींच्या दारापुढची वाट

तुम्ही ज्या वाटेवरून सायकल दामटता, ती कोणी बांधली हे कधी विचारलंत?

खाडीकाठच्या खडीवर मी सायकलसकट घसरून पडलो. समोरच्या घरातल्या काकी धावत आल्या. "पडलास तो पडलास, माझे दगड कशाला उधळलेस रे?"

पावसाळा संपला की इथे प्रत्येक घर दारापुढचा वाटेचा तुकडा स्वतः बांधतं, कंत्राटदाराची वाट न बघता. याच वाटेने काकींची मासळी बाजारात पोचते. नदीच्या खोऱ्यापासून समुद्रापर्यंत मी अशाच हातांनी बांधलेल्या वाटांवरून सायकलने आलो होतो. ही माझी माणसं! ऊर भरून आला. गुडघा पुसून मी दगड बसवू लागलो. शेवटचा काकींनी उपटला. "उलटा लावलास."

तुमच्या चाकाखाली दगड निसटला, तर उतरा आणि तो नीट बसवा.