चकचकीत गज

आमच्या नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात साहेब येणार म्हटलं की आधी झाडू निघतो, मग चुना, मग पॉलिशची चकती. साहेब कोण, कशाला येतोय, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. कुंड्यांना गेरू लागतो, मशीनवरची वर्षाची काजळी एका सकाळी उतरते आणि टेबलावर पांढरी चादर अंथरून माल मांडला जातो. माल चमकला पाहिजे. साहेबाला माल कळो न कळो, चमक कळते, अशी आमच्या मालकांची श्रद्धा. मालक माणूस वाईट नाहीत. स्वतः लेथवर उभे राहून वर आलेत, कामगाराच्या घरी मयत झाली तर आधी पोचतात. पण चकाकी म्हटलं की त्यांचं डोकं चालेनासं होतं.

मी तिथं भट्टी सांभाळते. पोलाद तापवायचं, तेलात विझवायचं, पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, हे माझं काम. डिप्लोमा करून नवीन लागले तेव्हा ‘बाई आणि भट्टीवर?’ म्हणून हसणारे आता मला भट्टीवाल्या मॅडम म्हणतात आणि शक्यतो माझ्या तोंडी लागत नाहीत. आमचं घर मूळचं तिसगावकडचं. बाजरी, तूर, पाऊस बरा झाला तर कांदा. धाकटा भाऊ बारावी होताच फौजेत गेला आणि रणगाड्याचा ड्रायव्हर झाला. गावात त्याचा फोटो लावून बोर्ड लागला होता. तो सुट्टीवर आला की आई त्याच्या हातांना तेल चोळायची, एवढी अवजड गाडी ह्या हातांनी वळते म्हणून.

गजांचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मला सगळ्यात आधी त्याचीच आठवण झाली. रणगाड्याच्या पोटाखाली माणसापेक्षा लांब असे पोलादी गज आडवे बसवलेले असतात. चाक दगडावर चढलं की गज पीळ खातो, चाक उतरलं की पीळ सोडतो. एवढंच त्याचं काम, पण ते तो दिवसभर करतो आणि मोडला तर चाक लोंबतं. हे गज बाहेरच्या देशातून यायचे. मग तो देश स्वतःच लढाईत अडकला आणि गज यायचे थांबले. भावाच्या तुकडीत एक गाडी उभी करून तिचे गज दुसरीला घालायची वेळ आली. फोनवर तो हसत म्हणायचा, “आक्का, तुमचे गज लवकर द्या बरं. आमी आपल्याच गाड्या चोरतो हाय.” 

टीव्हीवर त्या दिवसांत रोज कुणीतरी आपण जगाला शस्त्रं विकणार असल्याचं ओरडून सांगत होतं. टपरीवरचा चहावाला मला विचारायचा, “काय मॅडम, जमंल का आपल्याला?” मी म्हणायची, जमेल, न जमायला काय झालं? तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. भट्टी चांगली होती, पोलाद चांगलं होतं, ड्रॉइंग हातात होतं. आणि माझ्या हाताखालची माणसं कामाला वाघ होती.

गज भट्टीतून निघाला, घासून मापाला आला, की त्याच्यावर बारीक पोलादी छर्र्यांचा मारा करायचा असतो. त्यानं गजाची कातडी चोपली जाते आणि तिच्यावर देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे पडतात. आमच्याकडे खळं करताना पाणी मारून जमीन चोपून घेतात. चोपलेल्या खळ्याला भेगा जात नाहीत, तसंच हे. गज मरतो तो वरच्या कातडीला गेलेल्या एका भेगेनं, आणि चोपलेली कातडी ती भेग उघडू देत नाही. म्हणून चांगला गज दिसायला मळकट, खडबडीत, राखाडी असतो.

पहिला संच तयार झाला आणि तो बघायला मोठे साहेब येणार असल्याचा फोन आला. मालक गज बघायला आले आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

“मॅडम, हे असं? गंज काढल्यासारखं दिसतंय.”

“असंच दिसायला पाहिजे.”

“साहेब काय म्हणतील?”

“साहेबांना कळत असेल तर शाबास म्हणतील. नसेल कळत तर मला बोलवा, मी सांगते.”

मी बरंच बोलले. ती कातडी काढली तर छर्रे मारलेच कशाला, हेही बोलले. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वरवर फक्त. केसाएवढं.” दुसऱ्या दिवशी माझी शिफ्ट सुरू व्हायच्या आत गज पॉलिशवरून येऊन पांढऱ्या चादरीवर झोपले होते. त्यांत तोंड दिसत होतं. साहेब आले, त्यांनी एका गजावर बोट फिरवलं, “वर्ल्ड क्लास” म्हणाले. नारळ फुटला, शाली झाल्या. फोटोत मी आहे. माझं तोंड बघण्यासारखं आहे.

चाचणी शहराबाहेरच्या खडकाळ माळावर झाली. तिकडच्या तोफांचा आवाज आमच्या पत्र्याच्या छपराला नेहमी ऐकू येतो, म्हणून त्या दिवशी मी उगीच कान लावून बसले होते. जणू गज मोडलेला मला भट्टीपाशी ऐकू येणार होता. मोडला. एक मोडला आणि मागोमाग दुसरा. तपासणीत निघालं ते मी न बघताही सांगितलं असतं: भेग वरच्या कातडीला, पॉलिशच्या ओरखड्यात सुरू झालेली.

आता तरी सगळ्यांना गोळा करून, मोडलेला गज मध्ये ठेवून, हे का झालं ते सांगायला पाहिजे होतं. मी तसं म्हटलंही. मालक म्हणाले, “बाहेर कळलं तर काम जाईल.” मग कारखान्यात सांगितलं गेलं की पोलाद खराब निघालं. पोलाद तर बोलू शकत नाही. मोडलेले तुकडे ताडपत्रीखाली गेले. मी माझ्या भट्टीवरच्या तिघांना खरं काय ते समजावून सांगितलं, पण बाकीच्या छपराखाली पोलादच खराब राहिलं. नंतर खूपदा मनात आलं, ज्यांच्याकडून आपण गज घेत होतो त्यांचेही गज कधीतरी असेच मोडले असतील. त्यांनी ते तुकडे टेबलावर ठेवले असतील. आपण टेबलावर फक्त चकचकीत ठेवतो. आपल्याला जमेल का, या प्रश्नाचं माझं उत्तर त्या ताडपत्रीपाशी बदललं. तेव्हापासून मी त्या टपरीवर चहा प्यायला जात नाही.

पोलाद बदलण्याचं नाटक करण्यात हिवाळा गेला, उन्हाळा गेला. तिकडे भावाच्या तुकडीत उभ्या गाडीचे गज काढून चालत्या गाडीला घालणं चालूच होतं. असाच एक गज काढताना जॅक सरकला आणि चाकाचा दांडा उसळून त्याच्या हातावर आला. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली. फोन आला तेव्हा मी भट्टीसमोर होते. दार उघडं होतं, आच तोंडावर येत होती, आणि मला थंडी वाजत होती.

मेडिकल बोर्डानं त्याला घरी पाठवलं. आई तेलाची वाटी घेऊन बसली आणि उजवा हात हातात घ्यायचा धीर तिला होईना. ती डावाच चोळत राहिली. तो जेवायला चमचा घेई, कुणी बघत असलं की ताट ढकलून देई. बापाच्या वेळचा विळासुद्धा त्यानं धरून बघितला नाही. बोलणं तर जवळपास बंदच. शेवटी मीच मालकांना विचारलं आणि त्यांनी त्याला गेटवर घेतलं. लगेच घेतलं, हे सांगितलं पाहिजे. फौजी माणूस म्हणून स्टोअरच्या किल्ल्याही त्याच्याकडे दिल्या. तो इस्त्रीचा निळा शर्ट घालून, हात खिशात घालून गेटवर उभा राहायचा. गजांबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. त्याच्या हाताकडे बघून मला तो विषयच काढवेना, आणि गेटवरच्या माणसाला कारखान्यात काय मोडलं ते कोण सांगतं?

दुसरा संच मी माझ्या मनासारखा करून घेतला. ह्या वेळी मालकांनी मध्ये तोंड घातलं नाही. मोडलेल्या गजांनी त्यांनाही काहीतरी शिकवलं होतं, फक्त ते कुणाला सांगायचं नव्हतं. गज राखाडी, खडबडीत, एकसारखे उतरले. मी त्यांवर हात फिरवला आणि कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. तेलाच्या कागदात गुंडाळून ते पेटीत ठेवले, पेटी स्टोअरमध्ये ठेवली आणि गजांसोबत भट्टीत घातलेल्या नमुन्याच्या तुकड्याची तपासणी करून घ्यायला पुण्याला गेले. तुकडा उत्तम निघाला. तिथूनच मी भावाला फोन केला. पहिल्यांदाच त्याला गजांचं सांगितलं. म्हटलं, “तुझ्या गाड्यांचे गज झाले बघ. दसऱ्यानंतर चाचणीला जाणार.”

तो म्हणाला, “खरं का, आक्का?” आणि त्याच्या आवाजात जुना आवाज होता.

तपासणीचा दाखला घेऊन मी नगरला पोचले ती दुसऱ्या दिवशी रात्री, आणि सकाळी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी यंत्राला कुणी कामाला लावत नाही. आदल्या दिवशी सगळे आपापलं मशीन घासूनपुसून घेतात, हत्यारं उजळतात, आणि सकाळी हळदकुंकू, झेंडू, नारळ. मी आत शिरले तेव्हा पूजा मांडून झाली होती. मधोमध पांढरी चादर होती, तिच्यावर माझे गज होते, आणि त्यांत वरच्या पत्र्याच्या फटीतलं ऊन लखलखत होतं.

भाऊ शेजारी उभा होता. हात खिशात नव्हता.

“मालक म्हनले, पूजेला गज मांडून ठेव. पेटी उघडली तर लई मळकट दिसत हुते, आक्का. तू एवढी राबलीस अन् हे असे मांडायचे? पलटनीत पूजेच्या आदल्या दिवशी आमी गाडीचा बोल्ट न् बोल्ट उजळायचो. मग काल दिवसभर बसलो. हँड ग्राइंडरला चकती लावली.” त्यानं उजवा हात वर केला आणि अंगठा नि करंगळीच्या चिमट्यात काहीतरी धरल्यासारखं करून दाखवलं. “असा धरला. कोपर वरनं दाबला. जमतंय मला.”

मी वाकून बघितलं. चकाकीच्या खाली जागोजागी निळसर डाग होते. ग्राइंडर एका जागी जास्त वेळ दाबला की पोलाद तापून असं निळं पडतं, आणि भट्टीत जे कमावलं ते तिथं संपतं. नुसती कातडी गेली असती तर पुन्हा छर्रे मारून बघता आलं असतं. ह्याला काही उपाय नव्हता.

मालक आले. त्यांनी गजांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. मला त्या क्षणी त्यांचा, साहेबांचा, ताडपत्रीचा, सगळ्यांचा असा राग आला की नारळ उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावा. पण समोर भाऊ होता आणि तो हसत होता. तो घरी आल्यापासून मी त्याचे दात बघितले नव्हते.

“झाले ना चांगले?” त्यानं विचारलं.

“लई चांगले झाले,” मी म्हटलं आणि हळदकुंकू वाहिलं.

त्याला खरं सांगायचं ते मी दसऱ्याच्या दिवशी सांगायचं ठरवलं, मग दसरा जाऊ दे म्हटलं. आईनं त्या दिवशी त्याच्या उजव्या हातावर सोनं ठेवलं आणि त्यानं तो हात मागे घेतला नाही. सुट्टी संपली. मी गज भंगारात टाकायला सांगितले, कारण ते कुणाच्या तरी गाडीखाली जाऊ देणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. बाकी सगळं बोलायला मला तोंड फुटेना.

भंगाराचा टेम्पो दुपारी निघाला. कारखान्यातून बाहेर जाणारा माल बघून सोडायचा, हे गेटवरच्या माणसाचं काम. त्यानं टेम्पो थांबवला, मागे गेला, ताडपत्री उचलली. मी भट्टीच्या दारातून बघत होते. आतल्या एका चकचकीत गजावरून त्यानं उजव्या हाताचा अंगठा फिरवला. मग त्यानं ताडपत्री नीट खाली सोडली, उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हातानं गेट उघडलं.